कॉर्पोरेट फर्म सोडून जिल्हा कोर्टात यावं का? वकिलीत समाधान नक्की कशात मिळतं?

निशिगंधा_के

नमस्कार मंडळी. मी मूळची कराडकडची, सध्या मुंबईत एका लॉ फर्ममध्ये आहे, सहा-सात वर्षं झाली. कंपन्यांची खरेदी-विक्री, ड्यू डिलिजन्स म्हणजे व्यवहाराआधी कंपनीचे कागद तपासणं, शेअर परचेस अॅग्रीमेंट असलं सगळं काम. आधीच सांगते की तक्रार कुणाबद्दलच नाहीये, सिनिअर चांगले आहेत, पगार चांगला आहे, रात्री उशिरापर्यंत बसायची सवय झालीय. पण हल्ली एखादं डील क्लोज झालं, सगळ्यांचे अभिनंदनाचे मेल आले की मला काहीच वाटत नाही. महिनोन्महिने ज्या कागदावर मान मोडून काम केलं त्याने कुणाच्या आयुष्यात काय फरक पडला हे मला सांगताच येत नाही.

मे महिन्यात गावी गेले होते तेव्हा मावशीच्या वारस नोंदीचं अडलेलं होतं, मंडळ अधिकाऱ्याने फेरफार रद्द केला होता, म्हणून तिच्याबरोबर तिच्या वकिलांकडे गेले. बाहेर बाकावर माणसं, आत फायलींचे गठ्ठे. त्यांनी मावशीला नोंद का रद्द झाली, आता प्रांतांकडे अपील कसं करायचं, त्याला काय कागद लागतील हे इतकं सावकाश आणि नीट सांगितलं की तिने घरी येऊन मामाला जसंच्या तसं सांगितलं. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय.

ज्यांनी तालुका-जिल्हा कोर्टात बरीच वर्षं काढलीत त्यांना विचारायचंय, हे समाधान टिकतं का? की काही वर्षांनी तेही तारखा आणि फियांच्या मागे धावण्यात विरून जातं? आणि पोट कसं भरतं हेही खरं खरं सांगा. माझं वय ३१, लग्न झालंय, नवऱ्याची नोकरी पुण्यात आहे, घराचं लोन चालू आहे.

दिवाणी_मिरज

मॅडम, मी सांगली-मिरज भागात दिवाणी कामं करतो, वीसेक वर्षं होतील. तुमचा प्रश्न बार रूममध्ये कुणी उघड विचारत नाही, पण प्रत्येकाने स्वतःला कधी ना कधी विचारलेला असतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे वाटपाचे दावे खूप. त्यात बहिणीचा हिस्सा हा विषय तर रोजचाच. बाई येते ती सहसा एकटी येत नाही, मुलाला नाहीतर जावयाला घेऊन येते आणि बोलतो तो जावई, किती एकर, कुठला गट नंबर, रोडटच आहे का नाही सगळं त्याला पाठ असतं. मी त्याला थांबवून आधी बाईंनाच विचारतो की तुम्हाला काय पाहिजे. आणि उत्तर दर वेळी वेगळं येतं बघा. कुणाला खरंच जमीन हवी असते कारण नवरा गेलाय आणि दुसरं काही नाही. कुणाला जमीन नकोच असते, भावाने न विचारता परस्पर नाव कमी करून घेतलं, हक्कसोडपत्रावर बँकेचं काम आहे सांगून सही घेतली, त्याचं दुःख असतं. आणि बहुतेकींना भीती असते की दावा टाकला की माहेर तुटलं, भाऊबीज बंद. हे सगळं ऐकून घेतल्यावर मग ठरवायचं, लगेच दावा आणि तूर्तातूर्त मनाईचा (निकालापर्यंत जमिनीचा व्यवहार थांबवायचा) अर्ज, की आधी भावाला बोलावून घ्यायचं, की दावा टाकून लोक अदालतीत तडजोड करून हुकूमनामा घ्यायचा. कायदा एकच असतो पण त्यातला कुठला रस्ता या बाईंच्या कामाचा हे ओळखणं हेच आमचं कसब, आणि मला तरी आजही त्याच्यातच गोडी वाटते.

कायदा पण इथे तुमच्या डोळ्यासमोर बदलतो. आपल्या राज्याने १९९४ ला मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हिस्सेदार केलं पण आधी लग्न झालेल्या वगळल्या. मग केंद्राची २००५ ची दुरुस्ती आली. मग २०१५ ला फुलावती निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं की ९ सप्टेंबर २००५ ला बापही हयात पाहिजे, तेव्हा आमच्या कितीतरी पक्षकार बायका हिरमुसून घरी बसल्या. ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा निकाल आला आणि ती अट गेली, हक्क जन्मानेच मिळतो. तो निकाल आला त्या आठवड्यात मी कपाटातून जुन्या फायली काढून एकेकीला फोन करत होतो. एका आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, वकीलसाहेब, म्हंजे मी त्या घरातली हाय म्हणायची. असा दिवस रोज येत नाही, पण येतो.

आता दुसरी बाजू पण सांगतो. वाटपाचा हुकूमनामा झाला म्हणजे काम संपत नाही, शेतजमीन असेल तर कागद कलेक्टरकडे जातात, तिथून मोजणी, सरस-निरस मानाने, म्हणजे जमिनीचा चांगला-वाईट कस बघून वाटप, मग ताबा. त्यात वर्षं जातात. वादी बाई मधेच वारली तर वारस लावायचे. तुमचं समाधान निकालावर टांगून ठेवलंत तर इथे टिकणार नाही. मला ते एखादा दावा चांगला लिहिला, एखादी उलटतपासणी बरोबर जागी जाऊन बसली, बाईंना आपली केस आपल्या शब्दात सांगता आली अशा मधल्या गोष्टींत मिळतं.

पैशाचं : सुरुवातीची तीन-चार वर्षं अवघड. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ ला परिपत्रक काढलं की ज्युनिअरला शहरात किमान २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार स्टायपेंड द्यावा, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याला बहुतेक ठिकाणी त्याच्या आसपासही काही मिळत नाही. तुम्ही अनुभव घेऊन येताय त्यामुळे एकदम ज्युनिअर धरणार नाहीत, तरी स्वतःचे पक्षकार जमायला वेळ लागणारच.

राहुल_इनहाऊस

मी जरा उलट बाजूने बोलतो, राग मानू नका. मी पण आधी फर्ममध्येच होतो, आता एका कंपनीत इनहाऊस, म्हणजे कंपनीचाच नोकरीतला वकील आहे. कोर्टातच माणूस भेटतो आणि आपल्या कामात फक्त कागद असतो हे मला पटत नाही. माझं बरंचसं काम फ्लॅटच्या विक्री कराराचं असतं. १ मे २०१७ ला महारेरा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण चालू झालं त्याच्या आधीचे करार काढून बघा, ताबा कधी देणार ही तारीखच मोघम, कार्पेट एरिया कुठेतरी कोपऱ्यात, उशीर झाला तर करारात ग्राहकाच्या हातात फारसं काही नाही. आज तेच कलम मी ड्राफ्ट करतो तेव्हा मला माहीत असतं की हा करार काही हजार कुटुंबं सही करणार आहेत आणि त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी रक्कम त्यात घातलीय. बिझनेसवाल्यांशी भांडून एक ओळ ग्राहकाच्या बाजूने नीट ठेवली तर त्यातल्या कुणालाच माझं नाव कळणार नाही, पण त्या ओळीपायी उद्या कितीतरी जणांना वकिलाची पायरी चढावी लागणार नाही. मला त्यात समाधान आहे आणि ते खरं आहे.

निशिगंधा, तुझा प्रॉब्लेम कदाचित कॉर्पोरेट काम हा नसून तुझ्या हातात एका मोठ्या कामाचा फार छोटा तुकडा येतो हा असेल. सोडण्याआधी टीम बदलून बघ, इन्सॉल्व्हन्सी बघ, म्हणजे कर्जात बुडालेल्या कंपन्यांची कामं. तिथे घर घेणाऱ्यांना २०१८ पासून वित्तीय धनकोचा, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेसारखा दर्जा आहे, धनकोंच्या कमिटीत त्यांचा प्रतिनिधी बसतो, कामगारांच्या थकीत पगाराचे क्लेम येतात. लोन चालू असताना एकदम उडी मारू नकोस एवढंच.

दिवाणी_मिरज

राहुलसाहेब, तुमचं म्हणणं मान्य आहे, चांगला करार लिहिणारा वकील आमच्याकडची गर्दी कमी करतो, त्याची किंमत आम्हालाच जास्त कळते. पण मॅडमनी जे लिहिलंय त्यात मला समोर बसलेल्या माणसाची ओढ दिसते. ती ज्याला असते त्याला चांगल्या ड्राफ्टिंगने भागत नाही असा माझा अनुभव आहे.

वर्षा_२३

मी वकील नाही, पक्षकार आहे. हा धागा वाचला आणि लिहावंसं वाटलं. माझे मिस्टर टेम्पो चालवायचे, हायवेला अपघातात गेले, तेव्हा त्यांचं वय ३४, मुलं लहान, सासू-सासरे आमच्यातच. मोटार अपघाताच्या क्लेमसाठी माझ्याकडे लोक आपणहून आले, कोरे कागद पुढे करून सह्या करा म्हणाले, मिळतील त्यातले इतके टक्के आमचे. भावाने ते थांबवलं आणि आम्ही जिल्ह्याच्या गावी एका वकील मॅडमकडे गेलो.

त्यांनी पहिल्याच दिवशी वही घेतली आणि मला हिशोब शिकवला. मिस्टरांची महिन्याची कमाई किती धरता येईल, त्याला पुरावा काय, तर डिझेलची बिलं, टेम्पोच्या हप्त्याचं पासबुक, ज्यांचा माल न्यायचे त्या दुकानदारांची साक्ष. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत म्हणून पुढे वाढली असती ती कमाई ४० टक्के धरतात. मग घरात अवलंबून असलेली माणसं चार ते सहा असतील तर मिस्टरांच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा. आणि वयाप्रमाणे एक आकडा असतो त्याने गुणायचं, ३१ ते ३५ वयाला तो १६. त्या म्हणाल्या हे सुप्रीम कोर्टाने ठरवून दिलंय, माझ्या मनाचं नाही, विमा कंपनीचा माणूस तडजोडीला आला की त्याला हाच हिशोब विचारायचा.

आणि मी खरंच विचारला. लोक अदालतीत त्यांनी जी रक्कम आधी सांगितली त्यात पुढच्या वाढीचे ४० टक्के धरलेच नव्हते. मी स्वतः बोलले. दहावी शिकलेली बाई मी, घरात सुद्धा मोठ्या माणसांपुढे कधी बोलले नव्हते. मुलांच्या वाट्याचे पैसे ते सज्ञान होईपर्यंत एफडीत ठेवले आहेत, माझ्या वाट्यातून शिलाईचं दुकान टाकलं. पैसे तर मिळालेच पण त्या वहीतला हिशोब मला जास्त मोलाचा वाटतो, तो मी नंतर आमच्या गल्लीतल्या दोघींना समजावून दिला. ताई, तुम्हाला असं कुणाला समजावता येत असेल तर जरूर या, आमच्यासारख्यांना असे वकील पाहिजे आहेत.

सुजाता_डिफेन्स

वर्षाताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. निशिगंधा, मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात लीगल एड डिफेन्स कौन्सिल म्हणून काम करते, हा पर्याय अजून कुणी सांगितला नाही म्हणून लिहितेय. नाल्साने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) २०२२ मध्ये ही योजना आणली. आधी मोफत वकील म्हणजे पॅनेलवरचा वकील, त्याची स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून तो ही केस बघणार. आमचं तसं नाही, आम्ही पूर्ण वेळ फक्त गरीब आरोपींचं काम करतो, खासगी केस घ्यायची नाही, महिन्याला ठरलेलं मानधन. फक्त फौजदारी. रिमांडपासून सेशनच्या ट्रायलपर्यंत सगळं.

देशातल्या तुरुंगांत चारपैकी साधारण तीन कैदी कच्चे कैदी आहेत, खटला चालायचाय किंवा चालू आहे असे. हे वाक्य मी लॉ कॉलेजला परीक्षेत लिहिलं होतं, पण जेलमध्ये जाऊन रांगेत बसलेल्या माणसांना तुमचा वकील कोण असं विचारायला लागलं की त्याचा अर्थ कळतो. कितीतरी जणांना वकिलाचं नाव माहीत नसतं. काहींचा जामीन मंजूर होऊन महिने झालेले असतात आणि ते आतच, कारण जामीनदार नाही, ऐपतीचा दाखला नाही, घरचे परराज्यात. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये यावर निर्देश दिलेत, जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकाने आमच्या प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट अट शिथिल करायचा विचार करू शकतं. आता बीएनएसएस या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम ४७९ मध्ये पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेला असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर जातमुचलक्यावर सोडायची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आणि त्याच्यावर एकाहून जास्त केसेस नसतील तर. पण हे सगळं आपोआप होत नाही हो, कुणीतरी यादी काढावी लागते, तारखा मोजाव्या लागतात, अर्ज लिहावा लागतो, त्याच्या घरचा नंबर शोधावा लागतो. तुला ड्यू डिलिजन्सची सवय आहे म्हणतेस ना, इथे तीच लागते. शेकडो कागदांतून नेमकी अडचण शोधून काढायची.

समाधान टिकतं का विचारलंस. माझं टिकलंय, पण ते नुसतं दयेवर टिकलेलं नाही. माझ्याकडे येणारे सगळे निर्दोष नसतात. काही केसेस अशा असतात की एफआयआर वाचून झोप येत नाही, आणि तरी त्याच माणसासाठी सकाळी उभं राहायचं असतं. नातेवाईक विचारतात कसं जमतं. मला एवढंच कळतं की ज्याच्या बाजूने कुणीच उभं नाही त्याचा खटला हा खटला नसतोच, पोलिसांनी काही कच्चं ठेवलं असेल तर ते तिथे कुणीतरी विचारलंच पाहिजे. राज्यघटनेत ३९-अ कलम आहे, मोफत कायदेशीर मदतीचं, १९७६ ला घातलं. ते कागदावरून खाली उतरून रिमांडच्या कोर्टात उभं राहतं ते आमच्यासारख्यांच्या रूपाने, आणि मला या गोष्टीचा मनापासून अभिमान वाटतो.

अडचणी : नेमणूक कंत्राटी, दर वेळी मुदतवाढीची वाट बघायची. मानधन तुझ्या फर्मच्या तुलनेत खूपच कमी. केसेस भरपूर.

वनहक्क_गडचिरोली

मी एलएलबी केलं पण कोर्टात प्रॅक्टिस नाही केली, त्यामुळे इथे लिहावं का नाही असं वाटत होतं. आमच्याकडे ग्रामसभांचे सामूहिक वनहक्काचे दावे असतात, २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे. आमच्या जिल्ह्यातलं मेंढा-लेखा गाव सगळ्यांना माहीत असेल, २००९ ला हक्क मिळाले, २०११ पासून स्वतःचा बांबू स्वतः विकून राहिले. त्यानंतर जिल्ह्यात शेकडो गावांनी दावे केले. त्यात वकिलाचं काम काय तर बहुतेक वेळा गावात मांडी घालून बसणं. पुरावा म्हणून गावातल्या म्हाताऱ्या माणसाचं सांगणं लिहून घेता येतं, नियमातच आहे ते, मोहफूल कुठून आणतो, देवाची जागा कुठे, गाई कोणत्या नाल्यापर्यंत चरतात. नकाशा काढायचा, ग्रामसभेचा ठराव नीट लिहायचा, उपविभागीय समितीने कारण न देता परत पाठवला तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे अपील. हा दावा गावाने स्वतः लिहिलेला असतो, आपण फक्त चुका होऊ देत नाही. नंतर गाव तेंदूचा लिलाव स्वतः करते तेव्हा आपल्याला कोणी बोलावत पण नाही, आणि ते बरोबरच आहे. काळा कोट न घालता पण कायद्याचं काम होते हे सांगायला लिहिलं.

निशिगंधा_के

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. वर्षाताई, तुमची वहीची गोष्ट मी नवऱ्याला वाचून दाखवली. राहुल, टीम बदलण्याचा मुद्दा मी मागच्या वर्षी करून पाहिलाय, वेगळी टीम मिळाली, काम आवडलं पण मूळ गोष्ट तशीच राहिली. मिरजचे सर म्हणाले ते बरोबर असावं, मला समोर माणूस हवाय.

आता मला सगळ्यात जास्त धास्ती वेळेची वाटते. दहा-दहा वर्षं एखादं मॅटर चालवत राहायचं आणि त्यात मन लावून राहायचं हे मला जमेल का? आणि सुजाताताई, तुमच्या योजनेत माझ्यासारखीला येता येईल का?

दिवाणी_मिरज

दहा वर्षांवरून आठवलं ते सांगतो. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत असतो, मार्च १९२७. पण त्याच वर्षी डिसेंबरात सवर्ण मंडळींनी महाडच्या कोर्टात दावा लावला होता की तळं आमचं खासगी आहे आणि अस्पृश्यांनी पाणी न घेण्याची रूढी पूर्वापार आहे. त्या दाव्यात बाबासाहेब प्रतिवादी. मनाई हुकूम, पुरावा, निकाल, अपील असं करत करत हायकोर्टाने शेवटचा निकाल दिला तो मार्च १९३७ मध्ये, की तशी अनादि काळापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही. मधली सगळी वर्षं बाबासाहेब बाकीची वकिली करत होते, लॉ कॉलेजात शिकवत होते, गोलमेज परिषदांना जाऊन आले, आणि तळ्याचा दावाही चालू होता. आमच्या ज्युनिअर मुलांना मी हे मुद्दाम सांगतो कारण सत्याग्रहाचा दिवस सगळे साजरा करतात, त्या दाव्यातली साक्ष-पुराव्याची चिकाटी कुणी सांगत नाही. एका वेळी एकच मॅटर नसतं मॅडम, शंभर असतात, त्यातलं कुठलं ना कुठलं पुढे सरकत असतं. मन लागतं.

सुजाता_डिफेन्स

निशिगंधा, येता येईल, पण माझं मत विचारशील तर लगेच नको. असिस्टंट पदाची अट कागदावर शून्य ते तीन वर्षं फौजदारी प्रॅक्टिस अशी आहे, पण तुझी वर्षं सगळी करारांची, ती त्यात धरणार नाहीत. चीफ पदाला दहा वर्षं फौजदारी प्रॅक्टिस लागते. जाहिराती जिल्हा न्यायालयाच्या वेबसाईटवर आणि प्राधिकरणाच्या नोटीस बोर्डावर लागतात. सनद तुझी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची असेल तर राज्यात कुठेही चालेल, वेगळं काही करायला नको. फर्मला नोटीस देण्याआधी लोनचे वर्षभराचे हप्ते बाजूला काढ आणि पुण्यात किंवा साताऱ्याला एखाद्या फौजदारी सिनिअरकडे बोलून ठेव, असा सिनिअर बघ जो ज्युनिअरला उलटतपासणी करू देतो, फक्त तारखा घ्यायला पाठवत नाही. हे त्यांच्या ऑफिसात न विचारता कोर्टात जाऊन बघायचं, दोन-चार दिवस मागच्या बाकावर बसलीस की कळेल कोण उभं राहतंय. तुझी स्वतःची वकीलपत्रं कोर्टात दाखल व्हायला लागली, काही साक्षीदार तू स्वतः तपासलेस की मग मला इथेच मेसेज कर, अर्ज कसा भरायचा ते आपण बसून बघू.